बंदी यायच्या आधीच गप्प का बसायचं?



14 ऑगस्टची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती म्हणून मी ठरावाचा कागद घेऊन तालुक्याला गेले. 40 प्रती काढायच्या होत्या. पाऊस धरून होता, एसटी तासभर उशिरा आली. नेहमीच्याच झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं कागद हातात घेतला, वरच्या चार ओळी वाचल्या आणि मशीनवर न ठेवताच परत माझ्याकडे दिला. "ताई, राग नको मानू. नवा कायदा आलाय म्हणतात. हे दुसरीकडं बघ."

मी विचारलं, तुम्हाला कोणी काय बोललं का? पोलीस आले होते? तो म्हणाला, नाय. कोणी आलं नव्हतं, कोणाचा फोन नव्हता.

त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. वनहक्काच्या दाव्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यानं उधारीवर काढून दिलेत, कित्येकांचे पैसे अजून बाकी असतील. माणूस वाईट नाही, घाबरलाय. टीव्हीवर बातमी पाहिली, तेवढ्यावर घाबरलाय.

मग रात्री कचेरीत येऊन ठराव आपल्याच मशीनवर काढला, ज्याच्यावर हा अंक निघतो. स्टेन्सिल मीच कापलं. घाईत फाटलं, म्हणून ‘ग्रामसभा’तला ‘भा’ सगळ्या प्रतींवर शाईचा डाग झालाय. ज्यांच्याकडे ती प्रत आहे त्यांनी समजून घ्यावं.

आता 15 ऑगस्टला काय झालं ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथली आहे. विषय होता आमच्या डोंगरावर येऊ घातलेल्या खडीच्या खाणीचा. ठराव एवढाच की सामूहिक वनहक्काचा दावा निकाली निघेपर्यंत त्या डोंगरावर खाणीला गावाची संमती नाही. त्यात कोणाला शिवी नाही, धमकी नाही. मागल्या वर्षी याच विषयावर दिवे लागेपर्यंत लोक बोलत होते. बायका तर उठून पुढं येत होत्या. या वेळी समाजमंदिरात 60-70 माणसं, आणि पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता. ग्रामसेवकानं दोनदा विचारलं, कोणाला काय बोलायचंय का? लोक खाली बघत होते. शेवटी सह्या झाल्या, अंगठे झाले, ठराव पास झाला. पण बोललं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पाड्यावरची एक काकी घरी आली. म्हणाली, "बाय, माझा अंगठा खोड." मी म्हटलं, का गं काकी? तर म्हणाली, लेकाला कंपनीत कामाला लागायचंय, आणि अंगठे देणाऱ्यांची यादी वर जाते म्हणतात. ही तीच काकी, जी फॉरेस्टवाले प्लॉटवरची नागली उपटायला आले तेव्हा जीपच्या पुढं जाऊन बसली होती आणि दिवसभर उठली नव्हती. मी तिला सांगितलं, ग्रामसभेच्या वहीतला अंगठा मला खोडता येत नाही काकी, तो अधिकार माझा नाही. ती थोडा वेळ ओट्यावर बसली. चहा ठेवला होता, तो न घेताच गेली.

जीपला न भिणारी बाई एका ऐकीव यादीला भ्यायली. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

ज्या कायद्याची ही सगळी चर्चा आहे त्याचं नाव महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. 2025 साली 10 जुलैला ते विधानसभेत पास झालं, 11 जुलैला विधान परिषदेत. त्याच्या आधी समितीनं लोकांकडून हरकती मागवल्या होत्या, 12 हजारांच्या वर आल्या. आपल्या पाड्यांवरून किती गेल्या असतील? आपल्याला तर हरकतीची मुदत संपल्यावर समजलं. विधानसभेत 288 आमदार. त्यांतल्या एकानंच उभं राहून विरोध केला, आपल्या डहाणूचे विनोद निकोले. विरोधी बाकांवर बसणारे बाकीचे तेव्हा गप्प राहिले आणि नंतर बाहेर येऊन बोलले. त्यांचाही अंगठा कोणी तरी खोडत होतं बहुतेक.

मुख्यमंत्री सांगतात की हा कायदा माओवाद्यांच्या संघटनांसाठी आहे. राज्यात अशा 64 संघटना आहेत, आणि सरकारवर टीका करणाऱ्या साध्या माणसाला यातून काही होणार नाही. मी त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला बसलेली नाही. कायद्यात काय लिहिलंय ते बघू. कायदा शब्दांवर चालतो, आश्वासनावर नाही, हे वनहक्काच्या दाव्यात आपण चांगलं शिकलोय. पट्टा देऊ असं तोंडी सांगणारे किती साहेब आले नि बदलून गेले.

‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, तर त्यात हातानं केलेली गोष्टच येते असं नाही. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, डोळ्यांना दिसेल असं काहीही, म्हणजे चित्रसुद्धा, त्यात येतं. या शब्दांनी किंवा चित्रानं सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका झाला, किंवा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेच्या कामात अडथळा आला, किंवा अडथळा येईल असा त्याचा कल दिसला, तरी ते बेकायदेशीर. कायदा मोडायला शिकवणं बेकायदेशीर. आणि अशा कामासाठी पैसा किंवा वस्तू गोळा करणं हेही बेकायदेशीर.

‘कल’ हा शब्द बघा. अडथळा आला की नाही हे डोळ्यांना दिसतं, चार माणसं साक्ष देऊ शकतात. कल कोण बघणार? ज्याच्या हातात कागद आहे तो.

आता आपली रोजची कामं यात घालून बघू. दावे नामंजूर झाले म्हणून आपण वनखात्याच्या कचेरीसमोर दोन दिवस बसलो. साहेबाला आत-बाहेर करायला त्रास झाला असेल. कल? मोर्चाला निघताना आपण घरटी मूठभर तांदूळ गोळा करतो, टेम्पोच्या भाड्यासाठी दहा-वीस रुपये काढतो. वस्तू आणि पैसा. एका पाड्यावर पोरींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं जेसीबी काढलाय आणि त्याच्या पुढं हात धरून उभी माणसं. दिसेल असं चित्र. ज्याला त्यात गुन्हा शोधायचा आहे त्याला तो सापडेल. मी असं म्हणत नाही की उद्याच कोणाला धरून नेतील. पण न्यायचं ठरलं तर शब्द तयार आहेत.

शिक्षा पण माहीत पाहिजे. आधी सरकार एखाद्या संघटनेला बेकायदेशीर जाहीर करतं. मग तिच्या सदस्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड. सदस्य नाही पण मदत केली, आसरा दिला, वर्गणी दिली, तर 2 वर्षं आणि 2 लाख. बेकायदेशीर कृत्याला 7 वर्षं आणि 5 लाख. गुन्हा अजामीनपात्र. संघटनेच्या वापरातली जागा ताब्यात घेता येते, आणि तिथं बायका-मुलं राहत असतील तर त्यांना बाहेर पडायला वाजवी वेळ द्यावा असंही लिहिलंय. हे वाक्य मी तीनदा वाचलं. वाजवी वेळ म्हणजे किती ते लिहिलेलं नाही.

काही जण म्हणतील, पोरी तू उगाच घाबरवतेस, अजून कोणावर हा कायदा लागलाय? तर शेजारी बघू. आपल्याकडे हा कायदा आत्ता आला, छत्तीसगडात 2005 पासून आहे, नाव पण जवळजवळ तेच. तिथं 2007 साली डॉक्टर बिनायक सेन यांना पकडलं. ते खेड्यापाड्यांत दवाखाना चालवत होते आणि सलवा जुडूमच्या नावाखाली गावं उठवली जात होती त्यावर बोलत होते. 2010 साली राजद्रोहाखाली जन्मठेप झाली आणि 2011 साली सुप्रीम कोर्टानं जामीन दिला. पण ते डॉक्टर होते, त्यांच्यासाठी देशभर लोक उभे राहिले. आपल्यासारख्यांची गोष्ट सिलगेरची आहे.

सिलगेर हे सुकमा आणि बिजापूरच्या हद्दीवरचं गाव. मे 2021 मध्ये तिथं एका रात्रीत सीआरपीएफचा कॅम्प उभा राहिला. आसपासच्या गावांतले आदिवासी जमले आणि म्हणाले, ग्रामसभेला विचारलं का? पाचव्या अनुसूचीतला भाग आहे, पेसा आहे. 17 मेला गोळीबार झाला आणि तीन जण जागीच मेले. त्या गोंधळात जखमी झालेली एक गरोदर बाई पुढं मेली. पोलीस म्हणाले की गर्दीत माओवादी होते. गाववाले म्हणाले, आमची पोरं होती. त्यानंतर तिथं लोक धरणं धरून बसले ते दिवस-महिने नव्हे, त्याहून जास्त. त्या धरण्यातून शिकलेल्या, अर्धवट शिकलेल्या आदिवासी पोरापोरींची एक संघटना उभी राहिली, मूलवासी बचाओ मंच. त्यांचं मागणं ऐकलं तर आपल्याच मोर्चाचं पत्रक वाटेल. शाळा द्या, दवाखाना द्या, आमच्या जमिनीतून रस्ता नेताना ग्रामसभेला विचारा.

30 ऑक्टोबर 2024 ला छत्तीसगड सरकारनं या मंचावर एक वर्षाची बंदी घातली, त्याच 2005 च्या कायद्याखाली. कारण काय दिलं? की हा मंच सरकारच्या विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या कॅम्पना सतत विरोध करतो, लोकांना त्याविरुद्ध भडकवतो, आणि त्यानं सुव्यवस्थेला धोका आहे. विकासकामाला विरोध करतो, हे बंदीचं कारण म्हणून सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. कॅम्पला विरोध करतो हे पण.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. ओडिशात नियमगिरी डोंगर आहे, डोंगरिया कोंधांचा देव तिथं राहतो. तिथं बॉक्साइटची खाण येणार होती. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की खाणीआधी ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात 12 ग्रामसभा झाल्या, आणि बाराच्या बारा म्हणाल्या, नाही. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारनं खाणीची परवानगी नाकारली. म्हणजे तिथंही आदिवासींनी सरकारला ‘विकास’ वाटणाऱ्या कामाला नाही म्हटलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं त्यांना ते विचारलं, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकलं गेलं.

नाही म्हणणं दोन्हीकडे एकच. नियमगिरीला तो ग्रामसभेचा अधिकार ठरला, बस्तरमध्ये बंदीचं कारण ठरलं. आपला 15 ऑगस्टचा ठराव यांतल्या कुठल्या खात्यात जाणार, हे कोण ठरवणार आहे? वनहक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की जंगल, पाणी, जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. राखायचं म्हणजे कधी तरी कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. नाही म्हणायला तोंडच उघडायचं नसेल तर त्या कलमाचं काय करायचं, देव्हाऱ्यात ठेवायचं?

कोणी म्हणेल, बस्तर लांब आहे. गडचिरोली तर आपल्याच राज्यात आहे. एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला 2023 साली खाणीच्या आणि खाणीसाठीच्या रस्त्याच्या विरोधात गावोगावचे माडिया लोक कित्येक महिने धरणं धरून बसले. नोव्हेंबरात पोलिसांनी ते मोडलं. तेव्हा हा कायदा नव्हता. म्हणजे मोडायला कायदा लागतोच असं नाही. मग नवा कशाला पाहिजे, असा प्रश्न मला पडतो. माझ्या मते तो लागतो तो लोक जमायच्या आधीच घरी बसावेत म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाही तर उद्या कोणी म्हणेल लपवली. बंदूकवाल्यांबद्दल मला प्रेम नाही. त्यांनी ‘खबऱ्या’ म्हणून ज्यांना मारलं ते बहुतेक आदिवासीच होते, कोणाचे तरी बाप, कोणाचे भाऊ. त्यांच्या राज्यातसुद्धा विरोधात बोलणाऱ्याची खैर नव्हती. त्यांच्या हिंसेवर कारवाई करायला सरकारकडे आधीच यूएपीए आहे, बाकीचे कायदे आहेत. खून करणाऱ्याला पकडा ना. आपण कुठं आडवे येतो? आपलं म्हणणं बोलणाऱ्याबद्दल आहे.

आणि बोलल्यानं काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी दोन तारखा सांगते. 6 मार्च 2018 ला नाशिकहून लाल बावट्याचा लाँग मार्च निघाला, त्यात वनजमिनीवाले आदिवासीच जास्त होते. आपल्याकडची पण माणसं गेली होती. 12 तारखेला दहावीच्या पोरांचा पेपर होता, म्हणून थकलेले लोक पुन्हा रात्रीतून चालले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचले. मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या. सरकारनं लेखी दिलं. ते पुढं किती पाळलं हा वेगळा विषय, त्याच्यावर मागल्या अंकात लिहिलंय. दुसरी तारीख 28 फेब्रुवारी 2019. त्याच्या पंधरा दिवस आधी सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला होता की दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढा. देशभर पाड्यापाड्यांतून आरडाओरडा झाला, आणि 28 ला त्याच कोर्टानं स्वतःच्या हुकुमाला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत आपण सगळे गप्प बसलो असतो तर?

मागं गेलं तर आपल्या भागात हे शिकवायची कोणाला गरज पडू नये. 23 मे 1945 ला झरीच्या सभेत वारल्यांनी ठरवलं, वेठ करणार नाही. हातात काही नव्हतं, नुसता शब्द होता. 500 पौंड गवताला अडीच रुपये द्या एवढं मागणं, आणि त्याला जमीनदार आणि इंग्रज सरकार दोघंही बंड म्हणाले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. शामराव आणि गोदावरीबाई परुळेकरांवर जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम निघाले. माझा पणजा तेव्हा पोरसवदा होता. आजी सांगायची की त्याला सभेत काय बोलणं झालं ते शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं, पण पहिल्यांदा सावकाराच्या मुकादमाला ‘नाय’ म्हटलं तो दिवस त्याला पक्का आठवत होता. कुठल्या झाडाखाली उभा होता ते पण. आता गणपतीचे दिवस आहेत, शहरात मंडपात टिळकांचा फोटो लागेल. त्या टिळकांना 1908 साली पेपरात लिहिलेल्या लेखांसाठी सहा वर्षं मंडालेला धाडलं होतं. फोटोला हार घालणारे किती जण ते लेख आठवत असतील कोण जाणे.

आता आपल्या घरातलं. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण न लिहिलं तर वरचं सगळं खोटं होईल.

मागल्या वर्षीच्या ज्या ग्रामसभेत दिवे लागेपर्यंत लोक बोलत होते असं मी वर लिहिलंय, त्या सभेत एक पोरगा उठून म्हणाला होता की खाण येऊ द्या. निदान गावात काम मिळेल, लोकांना भिवंडी-वसईला वीटभट्टीवर जावं लागणार नाही. आम्ही त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही. कोणी दलाल म्हणालं, कोणी किती पैसे घेतलेस म्हणालं. मी पण ओरडले, सगळ्यांत मोठ्यानं. तो बसला, आणि त्यानंतर सभेला आलाच नाही.

त्या काकीच्या अंगठ्याची गोष्ट झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. पहिल्यांदा बोलेनाच. मग म्हणाला, "तुम्ही बोलता ते बोलणं, आम्ही बोललो तर दलाली. मग सरकार तुम्हाला काय बोलतं त्याचा राग का येतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा बाप वीटभट्टीवर खोकून खोकून मेलाय. तो खाण मागतो ते पैसे घेऊन नाही, बापाला आठवून मागतो. मला अजूनही वाटतं तो चुकतोय. खाणीच्या धुळीनं पण माणूस खोकतोच, आणि काम आठ-दहा जणांना मिळेल, बाकी डोंगर गेलेला असेल. पण हे मी त्याला भर सभेत सांगायला पाहिजे होतं, आणि त्याआधी त्याचं पूर्ण ऐकायला पाहिजे होतं. आपण ओरडून एकाला बसवतो तेव्हा बाकीचे पण शिकतात की इथं फक्त चालू वाऱ्याचं बोलायचं. मागल्या वर्षी तो वारा आमचा होता. या वर्षी वारा बदलला तर सगळेच गप्प. 15 ऑगस्टच्या त्या शांततेत थोडा हात माझाही आहे.

संघटनेतल्या जुन्या लोकांना हा परिच्छेद आवडणार नाही. त्यांनी पुढच्या अंकात माझ्याविरुद्ध लिहावं, स्टेन्सिल मी कापून देईन.

शेवटी थोडं कामाचं, कारण भीती माहिती नसली की वाढते.

मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलीस जी नोटीस देतात, पूर्वी 149 ची म्हणायचे, ती आता बीएनएसएसच्या कलम 168 ची असते. ती नोटीस म्हणजे अटक नाही, गुन्हा पण नाही. शांततेचा मोर्चा काढू नका असं ती म्हणत असली तरी तिच्यानं राज्यघटनेचं कलम 19 पुसलं जात नाही. बोलायचा, आणि शस्त्राशिवाय जमायचा हक्क त्यात आहे. नोटीस घ्या, वाचून घ्या, एक प्रत ठेवा, कोऱ्या कागदावर कशावरही सही-अंगठा करू नका. जमावबंदी पूर्वीची 144, आता 163. त्याचा लेखी हुकूम असतो, तो मागा, तारीख बघा. कधी कधी मुदत संपलेला हुकूम दाखवतात. चॅप्टर केस 107 ची आता 126 झालीय. त्यात तहसीलदारापुढं शांतता राखण्याचा बाँड लिहून मागतात. न बोलता बाँड लिहून देऊ नका, आधी संघटनेच्या वकिलाला विचारा. कोणाला धरून नेलं तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे उपकार नाहीत, कलम 22 आणि बाकीचा कायदा आहे. बाईला सूर्य मावळल्यावर आणि सूर्य उगवायच्या आधी अटक करत नाहीत. अगदीच वेगळं कारण असलं तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी लागते.

आणि ती यादी. काकीला मी सांगितलं ते इथंही लिहिते. ग्रामसभेच्या ठरावाची वही हा सार्वजनिक कागद आहे, तो लपलेला नाहीच. वर जाते तर जाऊ दे, आपण स्वतःच ती प्रांताला, कलेक्टरला पाठवतो आणि पोच घेतो. पण वहीत पाच नावं असतील तर पाच जणांना गाठणं सोपं. पूर्ण गावाचे अंगठे असले तर कोणाच्या लेकाला कामावरून काढणार? काकी यावर काही बोलली नाही. पण मंगळवारी बाजारात भेटली तेव्हा विचारत होती, तो कागद प्रांताकडे गेला का. मी म्हटलं, गेला, पोच आलीय. "मग ठीक," म्हणाली आणि सुकटीचा भाव करायला लागली.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गावात खाणीचा विषय पुन्हा घेणार आहोत. त्या पोरालाही निरोप दिलाय. येईन असं म्हणाला नाही, बघतो म्हणाला. आधी त्याला बोलू द्यायचं असं ठरलंय, तो संपवेपर्यंत कोणी मधे बोलणार नाही, मी तर नाहीच. तुमच्या पाड्यावर हा अंक वाचून दाखवाल तेव्हा कोण काय म्हणालं ते पोस्टकार्डावर लिहून कचेरीत पाठवा. विरोधात बोलले असतील तर तेही लिहा. आणि ज्याला आपलं नाव द्यायचं नसेल त्याचं नाव छापणार नाही.

— पाड्यावरची एक कार्यकर्ती